कागदी भूर्ज नेमका कसा ओळखावा

उत्तर अमेरिकेत अलास्कापासून न्यूफाउंडलंडपर्यंतच्या जंगलांत पांढऱ्या सालीचा जो कागदी भूर्ज आढळतो, त्याचे शास्त्रीय नाव बेट्युला पॅपिरिफेरा असे असून हम्फ्री मार्शल यांनी ते १७८५ मध्ये प्रसिद्ध केले. न्यू हॅम्पशरचा हा राज्यवृक्ष आहे. ज्याच्या सालीवर आपल्याकडे ग्रंथ लिहिले गेले तो हिमालयातील भूर्ज, बेट्युला युटिलिस, याच बेट्युला प्रजातीतील, पण वेगळ्या जातीचा आहे.

केवळ पांढऱ्या रंगावरून नाव ठरवू नये, कारण कोवळ्या कागदी भूर्जाची साल तांबूस तपकिरी असते आणि क्वेकिंग ॲस्पेन या वेगळ्याच झाडाचे खोडही दुरून तसेच पांढरे भासते. जवळ जाऊन साल पाहावी. भूर्जाच्या सालीवर बारीक आडव्या रेषा असतात व तिचे पातळ पापुद्रे आपोआप सुटतात. ॲस्पेनची साल हिरवट, गुळगुळीत असते आणि तिला पापुद्रे सुटत नाहीत.

खरी कसोटी लागते ती करड्या भूर्जापाशी, म्हणजे बेट्युला पॉप्युलिफोलियापाशी. त्याचे पान त्रिकोणी असून टोक लांब निमुळते असते, साल फारशी सुटत नाही आणि फांद्यांखाली ठळक काळे त्रिकोणी डाग दिसतात. कागदी भूर्जाचे पान मात्र अंडाकृती, दुहेरी दातेरी कडांचे असते. हिवाळ्यात पाने नसताना डहाळीच्या टोकाचे नर फुलोरे पाहावेत: करड्या भूर्जावर ते बहुधा एकेकटे, तर कागदी भूर्जावर दोन-तीन एकत्र असतात. पिवळा भूर्ज, बेट्युला ॲलेघानिएन्सिस, ओळखणे त्या मानाने सोपे आहे. त्याची साल सोनेरी झाक असलेली असते आणि डहाळी खरवडल्यास सांधेदुखीच्या मलमासारखा वास येतो, कारण दोन्हींत मिथिल सॅलिसिलेट असते.

तपासणीसाठी जिवंत झाडाची साल कधीही सोलू नये. सोललेल्या जागी काळा व्रण कायमचा राहतो, आणि आतील साल सभोवार कापली गेल्यास झाड मरते. उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी ओजिब्वे लोक होड्यांसाठी साल काढतात ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या जाणकारीने; आपण पडलेल्या झाडाची साल हाताळावी, ती पुरेशी आहे.

हा भूर्ज इतर भूर्जांशी संकर करतो. म्हणून लक्षणे मिश्र दिसल्यास आग्रहाने जातीचे नाव न लिहिता नोंदीत केवळ ‘बेट्युला’ लिहावे आणि पान, साल व डहाळी यांची छायाचित्रे सोबत जोडावीत.