कानाझावाला जायचं तर दोन मुक्काम ठेवा

जपानचा बेत आखताना तोक्यो, क्योतो, ओसाका ठरलेलंच असतं. त्यात कानाझावाला दोन रात्री द्या. मायेदा घराण्याचं हे शहर महायुद्धात बॉम्बहल्ल्यांतून वाचलं, म्हणून सामुराईंच्या वाड्यांच्या मातीच्या भिंती आणि लाकडी चहाघरं आजही जागेवर आहेत. शोगुनला, म्हणजे जपानच्या लष्करी सत्ताधीशाला, संशय येऊ नये म्हणून या श्रीमंत घराण्यानं सैन्यापेक्षा कारागिरीवर पैसा ओतला. शहराची सगळी चव त्यातच आहे.

तोक्योहून होकुरिकु शिनकान्सेन या बुलेट ट्रेननं सुमारे अडीच तास लागतात. ‘कागायाकी’ गाडी सर्वांत वेगवान, पण तिच्यात सगळ्या जागा आरक्षित. आयत्या वेळी चढता येत नाही. क्योतो-ओसाकाहून थेट गाडी आता नाही. मार्च २०२४ पासून त्सुरुगाला गाडी बदलावी लागते. बदल स्टेशनातच होतो, पण मजला बदलतो आणि वेळ थोडा असतो, त्यामुळे मोठ्या बॅगा डब्याच्या दाराजवळ आधीच आणून ठेवा.

पहिल्या दिवशी केनरोकुएन बाग सकाळी उघडताच गाठा. दहानंतर सहलींच्या बस येतात आणि दोन पायांच्या कोतोजी दिव्यापुढे फोटोसाठी रांग लागते. इथलं कारंजं आवर्जून बघा. त्याला पंप नाही. वरच्या तळ्याच्या पातळीच्या दाबानंच पाणी उसळतं. हिवाळ्यात पाइनच्या फांद्या बर्फाच्या भारानं मोडू नयेत म्हणून मधल्या खांबावरून दोऱ्या सोडून त्या तोलून धरतात. याला युकित्सुरी म्हणतात, आणि हे काम दरवर्षी १ नोव्हेंबरला सुरू होतं.

तिथून ओमिचो बाजारात जेवायला जा, बुधवार टाळून. त्या दिवशी बरीच दुकानं बंद असतात. खेकडा खायचा तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर या. लहान मादी खेकडा, म्हणजे कोबाको, डिसेंबरअखेरपर्यंतच मिळतो. दुपारी नागामाचीतल्या सामुराई वाड्यांच्या गल्ल्या फिरा.

दुसरा दिवस हिगाशी चाया या चहाघरांच्या वस्तीचा. ही वस्ती १८२० सालची. संध्याकाळी पाचच्या सुमारास दुकानं मिटतात, तेव्हा सकाळीच जा. जपानचा जवळजवळ सगळा सोन्याचा वर्ख कानाझावात बनतो, जाडी साधारण मिलिमीटरचा दहाहजारावा भाग. वर्खाचं आइस्क्रीम फोटोपुरतं ठीक. त्याला चव नसते. त्यापेक्षा तासाभराची कार्यशाळा घ्या आणि चॉपस्टिकवर किंवा छोट्या डबीवर स्वतः वर्ख लावा. वर्ख बोटानं उचललात की तो बोटालाच चिकटून फाटतो, म्हणून बांबूचा चिमटा देतात. चिकटवताना श्वास रोखा. नाकातून सुटलेल्या वाऱ्यानंसुद्धा तो दुमडतो, आणि दुमडलेला वर्ख सरळ होत नाही.

म्योर्यूजी देवळात चोरदारं आणि २९ जिने आहेत. ‘निन्जा देऊळ’ हे नुसतं नाव, निन्जांशी संबंध नाही. आगाऊ आरक्षणाशिवाय आत सोडत नाहीत.

छत्री कायम जवळ ठेवा. इथली म्हणच आहे: डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस.

शाकाहारी मंडळींसाठी खरी अडचण ‘दाशी’ची. भाज्यांच्या रश्शातही बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, त्यामुळे नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, कात्सुओ-दाशी मो दामे देस’ (मांस-मासे खात नाही, कात्सुओ माशाची दाशीही चालत नाही) हे वाक्य जपानी लिपीत छापून खिशात ठेवा. ‘जिबुनी’ या प्रसिद्ध पदार्थात बदकाचं मांस असतं, तो सोडाच. मिठाई मात्र मनसोक्त घ्या: लाल चवळीसारख्या अझुकीच्या गोड सारणाची वागाशी इथं अप्रतिम मिळते. जिलेटिन आणि अंड्याची चौकशी तेवढी करा.