सोलापुरात जास्वंद-मोगऱ्याची रोपं घरीच करताना

मृग लागला की काड्या खोचायची घाई सोलापुरात नडते. जून-जुलैत पाऊस तुटक आणि वारा मात्र सुसाट. मुळं फुटायच्या आतच तो काडी वाळवतो. इथला खरा पाऊस सप्टेंबरचा. म्हणून जास्वंद, तगर, कण्हेर, बोगनवेल यांच्या काड्या ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत लावाव्यात.

काडी पेन्सिलीएवढी जाड घ्या. हिरवी कोवळी काडी सडते, जुनं खोड मुळं धरायला फार वेळ घेतं. लांबी 15 ते 20 सेंमी, चार डोळे (फांदीवर अंकुर फुटतो त्या जागा). खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सरळ. म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. वरची दोन पानं अर्धी कापून ठेवा, बाकीची काढा. कण्हेरीचा चीक विषारी असतो, तेव्हा हात आणि कात्री धुऊन घ्या.

काळ्या मातीत काडी लावू नका. ओली असताना ती हवा कोंडते, सुकली की भेगाळते आणि भेगेबरोबर कोवळी मुळंही तुटतात. धुतलेली जाड वाळू आणि भिजवून दोनदा पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) निम्मं-निम्मं घेऊन भोकं असलेल्या रोपाच्या पिशवीत भरा. खत अजिबात नको. दोन डोळे आत जातील एवढी काडी खोचून बाजूनं दाबा, पिशवी सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला ठेवा. पाणी रोज ओतायचं नाही. बोटाला ओल लागत नसेल तरच द्या.

आता नेहमीची फसगत. पंधरा दिवसांत जास्वंदीला पालवी येते आणि रोप लागलं असं वाटतं. ती पालवी काडीतल्या साठवणीवर आलेली असते, खाली मुळाचा पत्ता नसतो. अशी काडी उपटून पाहिली किंवा कुंडीत हलवली की गेलीच. पिशवीच्या भोकातून पांढरं मूळ डोकावेपर्यंत थांबा. जास्वंद, तगरीला चार ते सहा आठवडे लागतात, बोगनवेलीला त्याहून जास्त.

मोगऱ्याला दाब कलम जास्त खात्रीचं. जमिनीलगतची फांदी वाकवा, एका डोळ्याखाली एक तृतीयांश जाडीपर्यंत तिरका काप द्या, कापात काडीचा तुकडा अडकवा. तो भाग 5-7 सेंमी मातीत पुरून वर दगड ठेवा, शेंडा बाहेर राहू द्या. दोन-तीन महिन्यांनी मुळं धरलेली फांदी मुख्य झाडापासून तोडा.

नवी रोपं पहिला उन्हाळा पिशवीतच, अर्ध्या सावलीत काढू द्या. मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीलगत तर नकोच, भिंत रात्रीही तापलेली असते. पुढच्या पावसात 45 सेंमीचा खड्डा घेऊन काळी माती, बारीक मुरूम आणि कुजलेलं शेणखत समप्रमाणात भरा.

कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसल्या, तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात हे ठरलेलंच. लिटरभर पाण्यात 3 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडा लिंबूरस घालून संध्याकाळी फवारा. दहा दिवसांनी पुन्हा. अनंताला तर ही चुनखडीची माती मानवतच नाही, त्याचा हट्ट धरायचा असेल तर तो कुंडीतच.

मोगऱ्याचं पाणी नोव्हेंबरअखेर तोडा. पानं गळू लागली की जानेवारीत, संक्रांतीच्या गड्डा यात्रेच्या आसपास जमिनीपासून दीड फुटावर छाटणी करा, बुंध्याशी दोन घमेली शेणखत घाला आणि मग पाणी सोडा.