आधी पाणी, मग लाकूड, शेवटी रंग : नव्या घराचं आतलं काम कसं करावं

आमच्या साताऱ्याच्या घराचा वरचा स्लॅब पडला तेव्हा सगळ्यांना वाटलं, झालं आता घर. खरं तर त्यानंतरच्या आतल्या कामालाच सहा महिने लागले. आम्ही वास्तुशांतीची तारीख आधी धरली आणि काम तिच्यामागे पळवलं. शेवटी-शेवटी दोन दिवस वाचावेत म्हणून वरच्या बाथरूममध्ये पाणी साठवून बघायची दुसरी चाचणी गाळली. राहायला आल्यावर तिसऱ्या महिन्यात खालच्या हॉलच्या छताला ओला डाग आला. मग नव्या कोऱ्या टाइल्स फोडल्या, सगळं काढलं आणि पुन्हा केलं. सासूबाई तेव्हा पंधरा दिवस नणंदेकडे जाऊन राहिल्या. कारण धूळ त्यांना सोसत नव्हती.

म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आतल्या कामाचा क्रम एकदा समजला की बाकी बरंच सोपं होतं. ज्या कामात पाणी आणि सिमेंट आहे ते सगळं आधी. ते वाळलं की लाकूड. रंग सगळ्यात शेवटी.

तारीख उलटी मोजा

अक्षय्य तृतीयेला राहायला जायचं असेल तर आतलं काम दिवाळीनंतर लगेच सुरू व्हायला हवं. रंगाला तीन आठवडे, सुतारकामाला महिना-सव्वा महिना, फरशी आणि बाथरूमला मिळून महिना, आणि गिलाव्यावर पाणी मारून तो वाळायला दीड महिना. यातली काही कामं एकमेकांवर चढतात, पण मिस्त्री न येण्याचे दिवसही धरावे लागतातच. पावसाळ्यात गिलाव्याला चांगलं पाणी मिळतं, पण भिंत वाळत नाही. जून ते सप्टेंबरमध्ये पुट्टी आणि रंगाला हात घालू नका. कोकणात किंवा महाबळेश्वरच्या बाजूला घर असेल तर ऑक्टोबरही सोडून द्या. गुरुजींना मुहूर्त विचारण्याआधी गवंडी आणि रंगाऱ्याला दिवस विचारा.

खडू घेऊन घरभर फिरा

हे काम घरच्यांचं, आणि ते विटा उघड्या असतानाच करायचं. एका रविवारी सगळे जण खडू घेऊन गेलो आणि पलंग, कपाट, फ्रिज, देवघर, वॉशिंग मशीन यांच्या जागा जमिनीवर आखल्या. मग भिंतीवर बटणं आणि प्लग यांच्या खुणा केल्या. दार उघडल्यावर बटण दाराच्या मागे जात नाही ना, पलंगावर झोपून दिवा बंद करता येतो का, मिक्सर आणि पाण्याच्या फिल्टरला ओट्यावर वेगवेगळे प्लग आहेत का, वायफायचं यंत्र कुठे बसणार, देवघरात समईशिवाय एखादा छोटा दिवा लागणार का, हे सगळं तेव्हाच ठरवा. नंतर भिंत फोडूनच करावं लागतं.

ओट्याची उंचीही याच दिवशी ठरवा. सर्रास सगळे ३२ ते ३४ इंच सांगतात. पण रोज जिचे हात तिथे चालणार आहेत तिला उभं करा, कोपर वाकवायला सांगा, आणि कोपरापासून चार-पाच इंच खाली खूण करा. माझी आणि सासूबाईंची उंची यात बराच फरक आहे. आम्ही ओटा माझ्या मापाचा केला आणि त्यांना भाजी चिरायला, पीठ मळायला बाजूला एक बुटका कट्टा करून घेतला. त्यावर पाच फरशा गेल्या असतील, पण त्यांची पाठदुखी वाचली.

नळ आणि वायरी भिंतीत जाताना

हे काम स्वतः करू नका, पण समोर उभे राहा. खाचा विटांच्या भिंतीतच मारायच्या. कॉलम आणि बीममध्ये छिन्नी लागू द्यायची नाही, प्लंबरने कितीही सोपं आहे म्हटलं तरी. दिव्यांना दीड, साध्या प्लगना अडीच आणि गिझर, एसीला चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, आयएसआय शिक्का बघून घ्यायची. हिरवी वायर अर्थिंगची, काळी न्यूट्रलची. या रंगांची अदलाबदल कुणालाही करू देऊ नका. मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायलाच लावा. विजेचा झटका बसला तर क्षणात प्रवाह तोडणारा तोच. बाथरूममध्ये गिझर असलेल्या प्रत्येक घराला तो हवा.

पाण्याचे पाईप जोडून झाले की सगळी तोंडं बुचांनी बंद करून हातपंपाने दाब द्यायचा आणि गेजचा काटा रात्रभर बघायचा. काटा खाली आला तर कुठेतरी सांधा गळतो आहे. तो आत्ता सापडला तर दहा मिनिटांचं काम.

आणि गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढा, टेप लावून, जमिनीपासूनचं आणि कोपऱ्यापासूनचं माप दिसेल असा. पुढे पडद्याचा पाईप ठोकताना ड्रिल पाण्याच्या पाईपात जात नाही, तो या फोटोंमुळे.

गिलावा आणि पाणी मारणं

वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात त्या सांध्यावर, तसंच मोठ्या खाचांवर, कोंबडीजाळी ठोकून मगच गिलावा घ्या. तडे नेमके तिथेच जातात. गिलावा साधारण १२ मिलिमीटर जाड असतो. मिस्त्री काम संपवून निघाला की लांब सरळ पट्टी भिंतीवर आडवी-उभी-तिरकी धरून बघा. कोपऱ्यात गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावा, विशेषतः जिथे कपाट किंवा ओटा येणार आहे तिथे.

दुसऱ्या दिवसापासून पाणी. निदान सात दिवस, उन्हाळा असेल तर दहा, दिवसातून तीन-चार वेळा. या कामासाठी माणूस ठेवला तर तो सकाळी एकदा नळी फिरवून जातो. आमच्याकडे हे मुलाने आणि माझ्या दिराने वाटून घेतलं. भिंत मध्येच कोरडी पडू द्यायची नाही. पाणी थांबल्यावर खिडक्या उघड्या ठेवून निदान महिनाभर वाळू द्या. या महिन्यात बाथरूम आणि फरशी होते, त्यामुळे तो वाया जात नाही.

बाथरूम

इथे एकही पायरी सोडू नका. सगळ्या घरात हीच जागा अशी आहे की चूक दिसायला महिने लागतात आणि दुरुस्तीला सगळं फोडावं लागतं.

बाथरूमखालचा खोलगट स्लॅब आधी खरवडून, झाडून, धुऊन स्वच्छ करा. भिंत आणि जमीन भेटतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा गोला मारून घ्यायचा. काटकोनात लेप चिरतो. पाईप स्लॅबमधून जातो तिथलं भोक नीट बुजवायचं. बहुतेक गळती तिथूनच असते. मग वॉटरप्रूफिंगचा लेप ब्रशने दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा. भिंतीवर निदान फूटभर चढवा, आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या उंचीपर्यंत. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या.

लेप वाळला की पाणी जिथून निघून जाऊ शकतं ती सगळी तोंडं, मातीने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीचा घट्ट बोळा कोंबून बंद करा आणि पाणी भरा. पातळीवर भिंतीला पेन्सिलीने रेघ मारा. ४८ तास, जमलं तर ७२. पाणी उन्हावाऱ्याने किंचित उतरेल, ते चालतं. पण खालच्या खोलीच्या छताला, भिंतींना बाहेरून हात लावून बघा. ओल, गारवा, रंगात फरक दिसला तर थांबा. सगळं कोरडं असेल तर वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरून घ्या, आणि टाइल लावण्याआधी पुन्हा एकदा पाणी साठवा. ही दुसरी चाचणी आम्ही गाळली होती. पहिल्या चाचणीनंतर कोबा भरताना कुणाच्या तरी फावड्याने लेपाला जखम झाली असणार. टाइल फोडल्यावर नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे जमिनीवरचं पाणी वाहून जातं त्या जाळीच्या, कडेला हातभर लांब चीर सापडली.

उतार नहाणी ट्रॅपकडे, दर मीटरला साधारण १० ते १२ मिलिमीटर. टाइल लागल्यावर बादलीभर पाणी चारही कोपऱ्यांत ओता आणि कुठे साचतं ते बघा. हे मिस्त्री समोर असताना करा, पैसे देण्याआधी. बाथरूमची जमीन खोलीपेक्षा निदान अर्धा इंच खाली हवी आणि दारात दगडी उंबरा.

फरशीचा हिशोब

समजा खोली १० बाय १२ ची आहे, म्हणजे १२० चौरस फूट. तुटफूट आणि कापणीसाठी १० टक्के जास्त धरले की १३२. दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइलच्या एका खोक्यात चार टाइल, सुमारे साडेपंधरा चौरस फूट. म्हणजे ९ खोकी. चार इंची स्कर्टिंगला एका टाइलच्या सहा पट्ट्या निघतात, साधारण १२ फूट. दार वगळून भिंती ४१ फूट होतात, म्हणजे चार टाइल, आणखी एक खोकं. एकूण दहा. सगळी खोकी एकदमच घ्या आणि प्रत्येकावरचा शेड आणि बॅच नंबर जुळतो का ते टेम्पोतून उतरवतानाच बघा. नंतर आणलेलं एक खोकं हमखास वेगळ्या छटेचं निघतं.

व्हिट्रिफाइड टाइल जवळजवळ पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटच्या स्लरीवर (पाण्यात कालवलेल्या पातळ सिमेंटवर) ती नीट धरत नाही. टाइलचं अ‍ॅडेसिव्हच वापरा. ते दोन दिवस वाळू द्या, मग लाकडी काठीने प्रत्येक फरशी ठोकत जा. बद्द आवाज आला तर खाली पोकळी आहे. तिथे खडूने फुली मारा आणि मिस्त्रीला उचलायला लावा. ओळीने ठोकत जाण्याचं काम आमच्या मुलाने इतकं मनापासून केलं की अकरा फरशा परत बसल्या.

फरशांच्या फटीत ग्राउट भरून वाळल्यावर फरशीवर प्लॅस्टिक अंथरून त्यावर पीओपीचा पातळ थर द्या. पुढचे दोन महिने तिच्यावर सुतार, रंगारी आणि शिड्या नाचणार आहेत.

सुतारकाम

यावर थोडकंच. ओट्याखालच्या आणि बाथरूमच्या कपाटांना आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय, बेडरूमला आयएस ३०३ चालतो. शिक्का प्रत्येक पाटीवर बघा, कारण एक चांगली वर आणि साध्या खाली असं येतं. बाथरूमच्या दाराला दगडी चौकट. बिजागऱ्या चांगल्या घ्या, रोज त्याच हलतात. लाकूड कापायचं, रंधायचं काम रंगाआधी पूर्ण व्हायलाच हवं.

रंग, घरच्यांच्या हाताने

भिंत वाळली का हे बघायला फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि एक दिवस ठेवा. आतून पाण्याचे थेंब दिसले तर थांबा. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की वर्षभरात लोणा (पांढरा खार) फुटतो आणि रंगाचे पापुद्रे निघतात.

पुट्टी दोन हात, पातळ. दोन तासांत संपेल एवढीच कालवा. पुट्टी रंगाऱ्याकडून लावून घ्या, तिला हात बसलेला लागतो. घासणं मात्र घरचे करू शकतात, आणि घरचेच नीट करतात. आधी १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग ३२०. संध्याकाळी खोली अंधारी करून बॅटरी भिंतीला टेकवून तिरकी धरा. दिवसा न दिसणारा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. एन-९५ मास्क आणि चष्मा सगळ्यांनी घाला. ही धूळ फार बारीक असते. लहान मुलं आणि दमा असलेली माणसं त्या दिवशी घरात नकोत.

धूळ पुसली की प्रायमर एक हात, मग रंगाचा पहिला हात. यानंतर वायरमनला बोलवून बटणं, पंखे, दिवे बसवून घ्या, प्लंबरला नळ. त्यांच्या बोटांचे डाग भिंतीला लागणारच. ते पुसून मग शेवटचा हात. रंग निवडताना शेडकार्डवर भरवसा ठेवू नका. नमुन्याचा छोटा डबा आणून भिंतीवर दोन बाय दोनचा पट्टा मारा आणि सकाळी, दुपारी, रात्रीच्या दिव्यात बघा. आमचा आवडता पिस्ता रंग ट्यूबच्या उजेडात आजारी दिसत होता. तो तिथेच सुटला.

किती लागेल? त्याच १० बाय १२ च्या खोलीच्या भिंती १० फूट उंच असतील तर ४४० चौरस फूट. दार आणि खिडकीचे ४० वजा करा, राहिले ४००. डब्यावर दोन हातांना लिटरमागे ६० चौरस फूट लिहिलं असेल तर सुमारे पावणेसात लिटर. एकापेक्षा जास्त डबे असतील तर सगळे एका मोठ्या बादलीत ओतून ढवळा. नाहीतर एका भिंतीवर दोन छटा दिसतात. भिंतीला वरून खाली, ओली कड सुटू न देता, आणि एक भिंत एका बैठकीत संपवायची.

उरलेला रंग छोट्या डब्यात, झाकणावर खोलीचं नाव आणि शेड नंबर लिहून ठेवा. टाइलचं एक खोकंही माळ्यावर ठेवा.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी

सगळे नळ एकदम सोडा आणि सिंकखाली हात फिरवा. आरसीसीबीचं चाचणीचं बटण दाबून तो पडतो का ते बघा. फरशीवरचा पीओपी ओला करून, लाकडी पट्टीने उचला. धातूचा उलथना वापरू नका, ओरखडे राहतात. होमकुंड थेट नव्या फरशीवर ठेवू देऊ नका, उष्णतेने टाइल तडकते. जाड पत्र्यावर तीन-चार इंच वाळू पसरा, त्यावर विटांचा थर लावा आणि कुंड त्यावर. ही वाळू आणि विटा गुरुजी येण्याआधीच जागेवर आणून ठेवा, पूजेच्या गडबडीत कुणालाच सुचत नाही.