चिनी वाचायला शिकताना वही का हवी

नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीत चिनी बनावटीच्या यंत्रावर काम करणाऱ्या ज्यांना पॅनेलवरील सूचना मुळातून वाचायच्या आहेत, त्यांनी इंग्रजी शिकण्याची शाळेतील पद्धत चिनीला जशीच्या तशी लावू नये. चिनी उजव्या मेंदूने आणि इंग्रजी डाव्या मेंदूने वाचतात, ही समजूत आधी सोडून द्यावी. दोन्ही लिप्यांतील शब्दांची ओळख मुख्यतः डाव्या मेंदूच्या मागील-खालच्या एकाच पट्ट्यात पटते. चिनी वाचताना उजव्या मेंदूतील दृष्टीचा भाग अधिक मदत करतो, इतकेच.

खरा फरक पुढे पडतो. इंग्रजीत अक्षरांतून ध्वनी जुळवावे लागतात आणि त्यासाठी डाव्या कानामागील-वरील भाग राबतो. चिनीत एक चिन्ह एकदम एका संपूर्ण अक्षरध्वनीशी आणि अर्थाशी जोडलेले असते. तेथे डाव्या कपाळामागील मधला भाग अधिक कामाला लागतो. वाचनात अडचण असलेल्या चिनी मुलांमध्ये या भागाची सक्रियता कमी आढळल्याचे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढील वर्षीच्या अभ्यासात चिनी मुलांचे वाचनकौशल्य त्यांच्या लेखनाशी जवळून निगडित दिसले. हा फरक किती मूलभूत, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. शिकणाऱ्यासाठी मात्र लेखनाचा धागा मोलाचा आहे.

म्हणून गणिताची चौकटीची वही घ्यावी आणि प्रत्येक चिन्ह रेघांच्या ठरलेल्या क्रमाने, उच्चार मोठ्याने करत लिहावे. केवळ मोबाइलवर बोट फिरवून ओळखण्याचा सराव अपुरा पडतो, असे माझे स्पष्ट मत आहे. चिन्ह पाठ करण्याआधी त्याचे भाग पाडावेत, कारण बहुतेक चिन्हांत एक भाग अर्थाचा आणि दुसरा उच्चाराचा इशारा देतो: स्त्रीदर्शक भाग आणि ‘मा’ उच्चाराचे घोड्याचे चिन्ह मिळून ‘आई’ होते, मात्र ‘आई’ आणि ‘घोडा’ या शब्दांच्या उच्चारांचे सूर, म्हणजे आवाजाचे चढउतार, वेगळे असतात. 1958 मध्ये स्वीकारलेली पिन्यिन ही रोमन लिपी उच्चारासाठी वापरावी. वाचनाच्या वेळी ती कागदाने झाकावी, नाहीतर डोळा ओळखीच्या रोमन अक्षरांकडेच वळतो.

चिनीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. सरावलेल्या वाचकाचीही नजर एका थांब्यात उजवीकडची साधारण तीनच चिन्हे टिपते, तर इंग्रजीत सुमारे पंधरा अक्षरांपर्यंत. त्यामुळे आरंभी छोटी वाक्ये घेऊन पेन्सिलीने शब्दांच्या सीमा आखाव्यात, आणि तेच वाक्य दुसऱ्या दिवशी खुणा पुसून वाचावे.