तळाला भोक न पाडता रिमोटची होडी

रिमोटवर चालणारी होडी घरी करायची म्हटलं की बहुतेक जण आधी पाण्याखालच्या पंख्याचा विचार करतात आणि तिथेच अडतात. पाण्याखाली पंखा म्हणजे तळातून दांडा बाहेर काढणं आलं, दांड्याला नळी आली, नळीत ग्रीस आलं. एवढं करूनही दांडा जरासा तिरका बसला की पाणी आत झिरपतं. म्हणून पहिलीच होडी करणाऱ्याला मी एकच गोष्ट बजावून सांगते: पाण्याच्या रेषेखाली एकही भोक नको. पंखे वर हवेत फिरू द्या. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट असतं, त्यामुळे हवेतल्या पंख्याला तेवढा रेटा मिळत नाही आणि होडी सावकाश जाते. शिकणाऱ्या हाताला ती सावकाशच हवी.

सर्किट आणि रिमोट घ्यायचं ते जुन्या खेळण्यातल्या गाडीचं. गाडी पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे अशी चारही बाजूंना जाणारी हवी. काही स्वस्त गाड्या फक्त सरळ पुढे जातात आणि मागे येताना आपोआप वळतात, त्या इथे चालणार नाहीत. गाडी उघडली की सर्किटमधून वायरच्या तीन जोड्या निघालेल्या दिसतील: एक सेलकडे, एक मागच्या मोटरकडे, एक पुढची चाकं वळवणाऱ्या भागाकडे. कापण्याआधी प्रत्येक जोडीला कागदाची चिठ्ठी चिकटवा. मागची मोटर दातेरी चक्रासकट काढून घ्या. तशीच दुसरी मोटर एखाद्या बंद पडलेल्या खेळण्यातून मिळते.

आता खरी गंमत. मागच्या मोटरची जोडी होडीच्या डाव्या मोटरला जोडायची आणि चाकं वळवणारी जोडी उजव्या मोटरला. सुकाणू लागतच नाही. रिमोटची डावी दांडी पुढे ढकलली की डावा पंखा फिरतो, उजवी दांडी एका बाजूला ढकलली की उजवा. दोन्ही एकदम फिरले की होडी सरळ जाते. नुसता डावा फिरला तर ती उजवीकडे वळते. पंखा उलट वारा फेकत असेल तर त्या मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा. वळवायची बाजू मुळात हलक्या कामासाठी असते, म्हणून दोन्ही पंखे मिनिटभर चालवून सर्किटवर बोट ठेवून पाहा. एखादा ट्रान्झिस्टर (सर्किटवरचा तीन पायांचा छोटा भाग) चटका बसेल इतका तापत असेल तर पंख्याची पाती थोडी आखूड करा. सेल मात्र गाडीत जितके होते तितकेच ठेवा. जोर वाढावा म्हणून जास्तीचा सेल जोडला की आधी सर्किटच जळतं.

मोटरच्या दोन टोकांमध्ये '१०४' असा आकडा असलेला छोटा सिरॅमिक कपॅसिटर नसेल तर डाख देऊन (सोल्डर करून) लावा. मोटरच्या आत ठिणग्या उडतात, त्यांचा गोंगाट रिमोटच्या संदेशात मिसळतो आणि होडी झटके खाते. कपॅसिटर तो गोंगाट बराचसा गिळतो.

होडीसाठी पॅकिंगचं थर्माकोल घ्या: ३५ सेंटीमीटर लांब, १६ रुंद, ४ जाड. पुढचं टोक निमुळतं करा आणि खालून वर जाणारा उतार द्या. थर्माकोलवर रबरी सोल्युशन, झटपट चिकटणारा गोंद किंवा थिनर असलेला रंग लावू नका. तो थर्माकोल खाऊन टाकतो. फेविकॉल चालतो, पण पाण्यात टिकत नाही. म्हणून बाहेरून सगळीकडे रुंद पॅकिंग टेप गुंडाळा. तळ गुळगुळीत होतो हा वरचा फायदा.

पंख्याची पाती प्लास्टिकच्या बाटलीतून काढायची. पट्टी बाटलीच्या उभ्या दिशेने कापा, ८ सेंटीमीटर लांब आणि दीड रुंद, म्हणजे रुंदीत थोडी गोलाई येते आणि पट्टी लेचीपेची राहत नाही. बरोबर मध्यावर टाचणीने भोक पाडा. बाटलीचं प्लास्टिक ७०–८० अंशांना मऊ पडतं. पट्टीचं एक टोक चिमट्यात धरून गरम पाण्यात क्षणभर बुडवा, साधारण २० अंश पिळा आणि गार होईपर्यंत तसंच धरा. दुसरं टोक उलट दिशेने. मग भोकात टाचणी घालून पट्टी आडवी धरा. जी बाजू खाली झुकते ती कात्रीने अगदी किंचित कापायची, आणि पट्टी जिथे ठेवाल तिथे थांबेपर्यंत हे करत राहायचं. हे काम घाईने उरकू नका. तोल न साधलेला पंखा सगळी होडी थरथरवतो आणि मोटर सैल करतो. पट्टी मोटरवरच्या दातेरी चक्राच्या तोंडावर दोन ट्यूबांच्या एपॉक्सीने चिकटवा आणि रात्रभर हात लावू नका.

मोटर मागच्या बाजूला, एकमेकींपासून १० सेंटीमीटरवर, लाकडी खांबांवर बांधा. पाती थर्माकोलपासून निदान एक सेंटीमीटर वर फिरायला हवीत. सर्किट घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत जातं. वायरी डबीच्या वरच्या भागातून काढा आणि भोक ग्लू गनने बुजवा. एरियलची लांब वायर असेल तर ती कापू किंवा गुंडाळू नका, सरबताच्या नळीत घालून उभी ठेवा. पाण्यालगत संदेश लवकर क्षीण होतो. निकोला टेस्लाने १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींवर चालणारी होडी दाखवली होती, तिच्यावरही एरियल उभीच होती.

सेलची जागा ठरवणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. चार पेन्सिल सेलांचं वजन १०० ग्रॅमच्या आसपास, आणि सगळी होडी मिळून साधारण २५० ग्रॅम. एक ग्रॅम वजनाला एक घनसेंटीमीटर पाणी बाजूला सारावं लागतं. तळाचं क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटीमीटर धरलं तर होडी अर्धा सेंटीमीटरच बुडते. पण पंख्यांचा रेटा वरून लागतो, त्यामुळे चालताना पुढचं टोक खाली दबतं. म्हणून सेल मध्याच्या थोडे मागे हवेत. टबात होडी सोडा, सेल नुसते वर ठेवून मागेपुढे सरकवा. उभी असताना पुढचं टोक किंचित वर राहिलं की तिथेच ते पक्के करा. मग जुन्या प्लास्टिकच्या फूटपट्टीचा दोन सेंटीमीटर खोल तुकडा तळाच्या मागच्या भागात मधोमध उभा चिकटवा. तो नसेल तर होडी वळताना आडवी घसरत जाते.

पाण्यावर नेताना वारा पडलेला असावा, कारण ही होडी हलकी आहे. थोडा वारा असेल तर ज्या काठाकडे तो वाहतो तिथे उभं राहून होडी सोडा. सेल संपले तरी वाराच तिला तुमच्याकडे आणतो. तिच्यामागे पाण्यात कोणी उतरायचं नाही, आणि पंखा फिरताना मुलांचे चेहरे व मोकळे केस त्याच्यापासून लांब ठेवा. घरी आल्यावर सेल काढून ठेवा आणि डबीचं झाकण उघडं टाका, आतला दमटपणा निघून जातो.