चाळीत गिरणी संपावरची फिल्म दाखवायचीय?
लालबाग-परळला चाळीच्या चौकात फिल्म लावायची तर आधी साउंड नीट बघा, पडद्याला पांढरी चादर ताणून बांधली तरी भागतं पण आवाज फाटला की मागची मंडळी उठून जातात. फिल्मवाल्यांची परवानगी घ्या, रात्री १० च्या आत स्पीकर बंद.

खरं काम नंतरच्या चर्चेत आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला, त्या वेळच्या बातम्या लायब्ररीतून झेरॉक्स करून आणा आणि लोकांत फिरवा, हेडलाइनमध्ये मालकांचं नुकसान आहे की कामगारांच्या घरातले हाल, संपाचे पुढारी दत्ता सामंतांवर किती ओळी अन् साच्यावर, म्हणजे मागावर उभ्या असणाऱ्या माणसाचं म्हणणं किती, हे त्यांनाच मोजू द्या. पहिला माइक गिरणीत राबलेल्या आजी-आजोबांकडे, आणि ते बोलताना कृपया कोणी मध्ये तोडू नका.