सनातनी गावात कष्टकऱ्यांची संघटना कशी बांधावी

‘डावे’ म्हटलं की लोक तोंड फिरवतात, अशा गावात विचारसरणीपासून सुरुवात करू नका. रेशनपासून करा, मजुरीपासून करा. द्वेष पसरवणाऱ्यांना नुसत्या भाषणांनी थोपवता येत नाही. एकमेकांच्या हक्कासाठी तहसीलची पायरी एकत्र चढलेले शेजारी मात्र सहजासहजी एकमेकांवर दगड उचलत नाहीत.

आधी एकच प्रश्न हातात घ्या. रेशनच धरू. अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबाला दरमहा माणशी ५ किलो, तर अंत्योदय कार्डावर ३५ किलो धान्य मिळायला हवं. वेगवेगळ्या आळ्यांतल्या काही घरांना रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनची (ज्यावर अंगठा लावतात) पावती मागायला सांगा. ‘कागद संपलाय’ असं ऐकायला मिळेल, तरी मागायचीच. पिशवी घरी नेण्याआधी किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवा आणि वजन पावतीच्या मागे लिहा. धान्य कमी भरलं तर सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांचा एकच अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. अर्ज द्यायला पुढारी नको, त्या घरांतल्या बायाच जाऊ देत. साहेबासमोर एकदा बोललेली बाई पुढच्या बैठकीत गप्प बसत नाही.

यातूनच कमिटी निवडा. बैठक रात्री जेवणं उरकल्यावर, पाळीपाळीने प्रत्येक वस्तीत घ्या. दलित वस्तीतल्या बैठकीला वरच्या आळीची माणसं आली नाहीत, तर पुढची बैठकही तिथेच ठेवा. इथे माघार घेतली की संघटना एका जातीची होऊन बसते.

लोकांच्या देवाधर्माची टिंगल करू नका. साने गुरुजी समाजवादी होते, पण पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून १९४७ साली ते उपोषणाला बसले, ते महाराष्ट्रभर दौरा करून लोकांशी बोलल्यानंतर. त्यांनी विठ्ठल नाकारला नाही, दार उघडायला लावलं.

आता सर्वांत नाजूक काम, अफवा. मे १९४५मध्ये ठाणे जिल्ह्यातले वारली आदिवासी झरी गावी जमले, किसान सभेच्या गोदावरी परुळेकरांसोबत वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. पुढे गवतकापणीला ५०० पौंडांमागे अडीच रुपये दर मागत त्यांनी संप केला. ऑक्टोबरमध्ये गोदावरीबाईंच्या जिवाला धोका आहे अशी अफवा पसरली. लोक तलवाड्याला धावले, तिथे पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच वारली मारले गेले. शत्रूला फोडता न आलेली एकजूट खोट्या बातमीने संकटात सापडते. म्हणून प्रत्येक वस्तीत एक माणूस नेमा. गाईची, लग्नाची, दगडफेकीची कुठलीही खबर आली की त्या-त्या वस्तीतल्या माणसाला आधी फोन करायचा. खात्री होईपर्यंत कुणी पुढे पाठवायची नाही, कुणी जमायचं नाही.

चिथावणीखोर मेसेज दिसला तर तारीख, वेळ आणि ग्रुपचं नाव दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. दोन समाजांत तेढ वाढवणाऱ्या मजकुराबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६चा उल्लेख करून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. ठाण्यात गुन्हा नोंदवला नाही, तर तीच तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा. ठाण्यात एकट्याने जायचं नाही, आणि तक्रारीवर दोन-तीन समाजांच्या माणसांच्या सह्या असू द्या.